मीठ नको, आजी

आमच्याकडे पान वाढताना सगळ्यात आधी मीठ वाढतात. ताटाच्या वरच्या टोकाला, मधोमध, चिमूटभर. काल मात्र ती चिमूट हवेतच थांबली!

शेजारची ग्रेस जेवायला आली होती. मूळची नायजेरियाची, पुण्यात शिकायला आलेली. सासूबाई मीठ वाढायला वाकल्या आणि ग्रेसने ताटावर हात आडवा धरला.

"मीठ नको, आजी. मला बीपी आहे. आईला आहे, मावशीला आहे. डॉक्टर म्हणाले, आम्हा काळ्या लोकांत पुष्कळांना मीठ जास्त बाधतं."

"अगं, बीपी मलाही आहे!" असं म्हणत सासूबाईंनी स्वतःच्या पानात खुशाल मीठ वाढून घेतलं. आम्ही सांगून सांगून थकलो, पण त्याशिवाय त्यांचं पान पुरं होत नाही.

मी त्या आडव्या हाताकडेच बघत राहिले. काय गंमत आहे! एकाच बरणीतलं मीठ, पण पोटात गेलं की प्रत्येकाकडे त्याची वागणूक निराळी. कुणाकडे पाहुण्यासारखं येऊन जातं, कुणाकडे मुक्कामच ठोकतं. बाहेरून कुणाला काय कळणार? आम्ही तिघी तर एकाच पंगतीत बसून वरणभात कालवत होतो.

आज दुपारी मी सवयीने मिठाची चिमूट घेऊन सासूबाईंच्या पानाशी गेले. त्यांनी ताटावर हात आडवा धरला, थेट ग्रेससारखा.

"बघतेस काय? लिंबाची फोड वाढ," त्या म्हणाल्या. "आणि ग्रेसला सांग, आजीसुद्धा नको म्हणाली."