कुमान म्हणजे थांबा

कोरियन भाषेतले बेचाळीस शब्द मला आजही सलग म्हणता येतात. मधलाच एखादा विचारा, चटकन येणार नाही. ह्या एका खोडीपायी मी एकदा भलतंच करून बसलो.

दुष्काळाचं साल होतं. आमच्या सोनईत फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार होते. तरुणपणी त्यांची पलटण युद्धकैद्यांवर पहारा द्यायला कोरियाला गेली होती, तिथल्या एका माणसाकडून ते लाथांची विद्या शिकून आले. रिकाम्या खळ्यावर रोज सकाळी आम्हा सात-आठ पोरांना शिकवायचे. गाव हसायचं. गाढवं काय कमी लाथा मारतात, म्हणायचं. हुकूम मात्र सगळे कोरियन. चार्योत म्हणजे सावधान, क्युंग्ने म्हणजे वाकून नमस्कार, जुन्बी तयार, शिजाक सुरू, कुमान थांबा. लाथेला चागी, अडवण्याला माक्की. त्यांचं शास्त्र थोडक्यात असं, की जोर कमरेतून येतो, पाय नुसता निरोप्या. आणि 'कुमान' कानावर पडलं की हात खाली, समोरच्यापुढे मानही खाली.

आमचं घर मास्तरांचं. पावकी-निमकी, रामरक्षा, सगळं घोकून गिळलेलं. मी शब्दांची यादी केली आणि आठ दिवसांत घडाघडा म्हणून दाखवली. हवालदार खूश झाले. काय तो माझा तोरा!

माझा जोडीदार शेतकऱ्याचा मुलगा, सातवीनंतर शाळा सुटलेला. पुढच्या महिन्यात त्याला नगरला फौजेच्या भरतीला जायचं होतं. त्याला दुसरं काही नकोच होतं. दावणीच्या म्हशीलासुद्धा सॅल्यूट ठोकायचा. यादी काही त्याच्या डोक्यात शिरेना. म्हणून दाखवू नको, करून दाखव, म्हणायचा. मी त्याला ठोंब्या म्हणायचो. तोंड झडायला हवं होतं माझं.

त्या सकाळी हवालदारांनी पहिल्यांदाच आमची झुंज लावली. क्युंग्ने झालं, शिजाक झालं. मला फिरवून मारायची लाथ नुकती जमायला लागली होती, हुरूप आला होता. तेवढ्यात ते ओरडले, "कुमान!" शब्द ओळखीचा, पण यादीत कुठला? मी मनात पहिल्यापासून सुरुवात केली. चार्योत, क्युंग्ने, जुन्बी... तोवर कंबर फिरलीही होती. तो मात्र ऐकताक्षणी थांबला होता. हात खाली, मान खाली. माझ्या पायाच्या बरोबर उंचीला त्याचा कान आला.

तो मटकन खाली बसला. ओरडलासुद्धा नाही. डाव्या कानातून रक्ताचा बारीक ओघळ आला. हवालदारांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला हळूच विचारलं, "कुमान म्हंजी काय रं?"

आणि मी, ऐका माझी अक्कल, डोळे मिटून म्हणायला लागलो, "चार्योत, क्युंग्ने..."

त्यांनी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे पाठ करून त्याचा कान पुसायला लागले. खळ्यावरची तालीम त्या दिवसापासून बंद झाली.

पुढे कान वाहायचा थांबला. बरा झालाय, असं तो म्हणायचा आणि मीही मानायचो, कारण मला ते सोयीचं होतं. भरतीच्या दिवशी हवालदार त्याला घेऊन नगरला गेले. मी दुपारपासून एस.टी. स्टँडवर. संध्याकाळच्या गाडीतून आधी हवालदार उतरले. "धावनं, छाती, समदं झालं. डाक्टरनं कानापाशी अडवलं," एवढंच म्हणून ते घराकडे निघाले.

मागून तो उतरला. मी त्याच्या डाव्या बाजूनं चालायला लागलो आणि महिनाभर ओठांशी आलेलं एकदाचं बोललो, की माझं चुकलं. तो चालतच राहिला. बरोबर आहे, मला वाटलं, कशाला बोलेल हा माझ्याशी. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा त्याला माझे ओठ हलताना दिसले असावेत. तो थांबला, उजवा कान माझ्याकडे केला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "काय म्हनला?"

गाडीचं इंजिन धडधडत होतं. मला ते ओरडून सांगावं लागलं. स्टँडवरचे सगळे वळून बघायला लागले.