हात माझे, आवाज तिचा

"हात राहू द्या, आवाज बदला."

साहेब हे माझ्याकडे बघून बोलले नाहीत. लॅपटॉपजवळ बसलेल्या तंत्रज्ञ मुलाला बोलले. पडद्यावर माझे हात थांबले होते. डाव्या अंगठ्यावर विळ्याचा वण, मनगटात दोन काचेच्या बांगड्या, बोटांत काड्यांची मोळी. मागच्या रांगेत अजून हसणं चालू होतं.

अमरावतीत आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मोबाइलवर पाठ कसा तयार करायचा, पडद्यावर कसा दाखवायचा, ते शिकवत होते. प्रत्येकानं एक छोटा पाठ करून आणायचा होता. निवडलेले पाठ सगळ्या शाळांत जाणार होते. माझा निवडला गेला. निवडला म्हणजे असा.

मी भातकुली तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी खाल्ली होती. लोकांनी वेळेआधीच पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून बांधावर टाकली. शेतात कापूस नाही, काड्याच काड्या. माझी पोरं त्या काड्या मोडून शाळेत आणायची. दहा काड्यांची एक मोळी, दोऱ्यानं बांधलेली. बाकीच्या सुट्या. बत्तीसातून आठ काढायचे, सुट्या तर दोनच, मग काय करायचं? मी पाठात म्हणाले होते, "सुटे पुरत नसन तं मोळी सोडा." आणि कॅमेऱ्यासमोर दोरा ओढला होता. मोळी सुटून काड्या टेबलावर पसरल्या होत्या.

त्या वाक्यावर सभागृह हसलं. "नसन तं" कुणीतरी मागं पुन्हा म्हणून दाखवलं. परत हसू.

साहेब म्हणाले, "कल्पना उत्तम आहे. पण हे राज्यभर जाईल. भाषा शुद्ध हवी." मग पहिल्या रांगेकडे वळले. "अनघा मॅडम, तुम्ही आवाज द्याल?"

शुद्ध या शब्दाची आमच्या घराशी जुनी ओळख आहे. माझ्या आजोबांनी विहीर बघितली होती ती लांबूनच. त्यांनी धम्म घेतला, बापानं मजुरी करून मला डी.एड. केलं, मी नोकरीला लागले. मला वाटलं होतं, तो शब्द मागं राहिला. तो माझ्या आधीच सभागृहात येऊन बसला होता.

"तुमची हरकत नाही ना, मॅडम?" साहेबांनी शेवटी मला विचारलं.

"नाही सर," मी म्हणाले.

अनघा मॅडमबद्दल सांगते. सरळच सांगते, मी तिच्यावर जळत होते. आजही जळते. आम्ही दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो. पगार सारखा. वयही सारखं. ती लग्न होऊन पुण्याहून अमरावतीत आलेली, शाळा शहराला लागून, घरापासून स्कूटीवर. मी दोन गाड्या बदलून, पुढं पायी. तिच्या शाळेत पडदा, प्रोजेक्टर, सगळं गावातल्या मोठ्या लोकांनी दिलेलं. माझ्या शाळेची वीज बिलापायी तुटलेली. मोबाइल मी घरून चार्ज करून नेते. रेंज पाहिजे तर पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभी राहते.

तिचा नवरा प्रशिक्षणाला तिची बॅग उचलून आणायचा. मला त्या बॅगेचाही हेवा वाटायचा.

वाईट वागली असती तर बरं झालं असतं. माणसाला तोंडभर शिव्या तरी देता येतात. पण ती गोड होती. जेवताना माझ्या शेजारी येऊन बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "किती छान चालतात गं तुझे हात! मला नसतं जमलं." मी तिला अहो म्हणत होते, ती मला गं. दोघींनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. रात्री घरी आल्यावर मला वाटलं.

लहानपणीचं आठवलं. मी बाळापूरकडच्या एका गावात शिकले. शाळा तपासायला पाहुणे येणार होते. भूगोलाचा नकाशा मला पाठ होता, नद्या, घाट, सगळं. गुरुजींना माहीत होतं. त्यांनी मला बोलावलं, मी पुढं गेले. त्यांनी माझ्या हातात नकाशा दिला. "तू धरून उभी राह्य." देशमुखांची मुलगी आली, छडी घेऊन बोलायला लागली. ती चुकत होती. मी नकाशामागून हळूच सांगत होते, ती मोठ्यानं म्हणत होती. पाहुण्यांनी तिला पेन दिलं. माझे हात खांद्यापासून दुखत होते. त्या पेनाचा रंग मला अजून आठवतो, हिरवा. इतकी मी जळले होते.

तर आता पुन्हा तेच काम, नकाशा धरायचं.

अनघा मॅडमचा फोन आला. "अगं, ती मोळी म्हणजे काय म्हणू? मी गठ्ठा म्हणते हं. मोळी जरा गावठी वाटते." मी हो म्हणाले. मग तिनं सगळं लिहून मागितलं. मी कुठं थांबते, कुठं विचारते, कुठं दोरा ओढते, सगळं. मी टाकीजवळ उभी राहून तिला पाठवलं. तिनं बंद खोलीत, नवऱ्याच्या माइकवर ते बोलून घेतलं. माझ्या पाठात मागून शेळी ओरडली होती. तिच्या आवाजामागं काहीच नव्हतं. पंख्याचीसुद्धा घरघर नाही.

पाठ मोबाइलवर आला. मी ऐकला. "एकक अपुरे पडत असतील, तर एका दशकाचे एककांत रूपांतर करूया." आणि माझे हात दोरा ओढत होते.

खरं सांगू? छान होता तिचा आवाज. स्वच्छ, मऊ, थांबत थांबत. तेच तर सोसवेना. वाईट असता तर मी झोपले असते. मी तो पाठ परत परत ऐकला. मग स्वयंपाक करता करता तसं बोलून बघायला लागले. "रूपांतर करूया. सांगा बरं मुलांनो." नवरा दारातून डोकावला.

"काहून वं अशी बोलून राह्यली? पाहुने आले का घरी?"

मी त्याच्यावर इतकी खेकसले की तो न जेवता बाहेर गेला. बिचाऱ्याचा काय दोष होता.

दुसऱ्या दिवशी पोरांना पाठ दाखवला. मोबाइल टेबलावर उभा केला, पऱ्हाटीच्याच काड्या दोऱ्यानं बांधून मी त्याला घोडी केली होती. ती घोडी मला प्रशिक्षणात कुणी शिकवली नव्हती. पोरं दाटीवाटीनं बसली. माझे हात दिसले तशी सगळी ओरडली. तिसरीतली पायल पुढं सरकली. तिनं पडदा बघितला, मग माझा अंगठा बघितला.

"बाई, हात तं तुमचे हायेत. बोलून कोन राह्यलं?"

"एक मॅडम आहेत. अमरावतीच्या."

"काहून? तुमचा घसा बसला व्हता का?"

पाठ पुढं चालला होता. पडद्यातून अनघा मॅडमनं विचारलं, "सांगा बरं मुलांनो, आता एकक किती झाले?" आणि थांबली. मी लिहून दिल्याप्रमाणं अगदी बरोबर थांबली.

वर्ग चूप.

ही माझी पोरं. मोळी सोडली की बारा म्हणून छप्पर उडवणारी. एकमेकांना ढकलून आधी मी, आधी मी करणारी. सगळी खाली बघत होती. येत नव्हतं असं नाही. काड्या मोजून घरी सरपणाचा हिशेब करणारी पोरं ती.

"काय झालं? काहून चूप बसले?" मी विचारलं.

पायल म्हणाली, "त्या बाईले आमचं बोलनं समजन का?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. इतके दिवस मी माझ्यासाठी जळत होते. माझं कौतुक, माझं नाव, माझा आवाज. आणि इथं माझ्याच वर्गात, माझ्याच हातांनी, मी माझ्या पोरांच्या तोंडाला कुलूप लावत होते. लहानपणी नकाशा मी एकटीनं धरला होता. आता तो त्यांच्याही हातात दिला होता.

मी मोबाइलचा आवाज बंद केला. पाठ मागं नेला. हात परत सुरू झाले, मुके. मी म्हणाले, "सुटे पुरत नसन तं?"

"मोळी सोडा!" वर्ग ओरडला.

"किती झाले?"

"बारा!"

त्या दिवसापासून मी शिकायला लागले. प्रशिक्षणात शिकवलं होतं ते वेगळं. पाठात आवाजाचा एक पट्टा असतो, चित्राचा वेगळा. नवा आवाज घालताना जुना पुसतातच असं नाही, खाली दाबून ठेवतात. हे मी मोबाइलवर खुडबुड करत स्वतः शोधलं. किती वेळा अख्खा पाठ उडाला, किती वेळा रडू आलं. पण शिकले. शिकताना प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर अनघा मॅडमची बॅग होती. जळणं वाईट म्हणतात. माझ्या जळण्यानं मला शिकवलं.

मग अकोल्याला विभागाचा कार्यक्रम झाला. मोठं सभागृह, मोठा पडदा. चांगल्या पाठांचा सत्कार होता. मला बोलावणं आलं तेव्हा मी नवी साडी घेतली. हो, घेतली. मला वाटलं, एव्हाना कुणाला तरी लाज वाटली असेल.

पाठाच्या सुरुवातीला पडद्यावर अक्षरं आली. सादरीकरण, आणि पुढं अनघा मॅडमचं पूर्ण नाव. खाली बारीक, साहित्य साहाय्य, आणि माझ्या तालुक्याचं नाव. माझं नाही. तालुक्याचं.

कार्यक्रमाआधी साहेब भेटले होते. खुशीत होते. "मॅडम, अजून दहा पाठ करायचेत. तुमचे हात, त्यांचा आवाज. जोडी जमली बघा." आणि निवेदकाला म्हणाले, "पुष्पगुच्छ द्यायला ह्यांना बोलवा. तेवढाच यांचाही मान."

मला नावानं पुकारलं. गुच्छ हातात दिला. अनघा मॅडम मंचावर हसत उभी होती. तिच्यामागं पडद्यावर माझे हात मोळी बांधत होते आणि तिचा आवाज सभागृहात पसरला होता. लॅपटॉप मंचावरच्या टेबलावर होता. मला फक्त तिच्यापर्यंत चालत जायचं होतं, गुच्छ द्यायचा होता, फोटोत एका बाजूला उभं राहायचं होतं.

मी गुच्छ टेबलावर ठेवला. लॅपटॉपवर आवाजाचं बटण कुठं असतं ते मला आता माहीत होतं. दाबलं.

तिचा आवाज मध्येच तुटला. पडद्यावर हात चालत होते. मी माइकसुद्धा घेतला नाही. वर्गात बोलते तशी बोलले. "हे पाहा. बत्तीस काड्या. आठ काढायच्या हायेत. सुट्या दोनच. सुटे पुरत नसन तं?"

पडद्यावर दोरा ओढला गेला, काड्या पसरल्या.

"तं मोळी सोडा. किती झाले?"

मागून एक आवाज आला. "बारा." बाईचा होता. कोण ते दिसलं नाही. कुणीतरी तिला गप्प केलं.

"हे हात माझे हायेत," मी म्हणाले. "पुढचे पाठ मी करीन. आवाज माझा असन तं करीन. नाईतर नाई."

साहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मॅडम, हे शिस्तीत बसत नाही. खाली या." मी खाली आलेच होते. जिन्याजवळ अनघा मॅडमनं मला गाठलं. तिचे डोळे भरले होते. गुच्छ तिच्या हातात नव्हता.

"तू आधी बोलली असतीस तर मी कशाला...?"

"बोलली व्हती," मी म्हणाले. "तुमच्या आवाजाच्या खाली दाबलेलं हाय ते. काढून ऐका."

तिनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. पुढच्या प्रशिक्षणाच्या यादीतून माझं नाव गेलं. दहा पाठ दुसऱ्याच कुणाच्या हातांनी झाले, आवाज तिचाच. तो जुना पाठ अजून शाळाशाळांत चालतो. माझा वण, माझ्या बांगड्या, तिचं नाव. दिसला की आजही मी जळते. ते जळणं मी जाऊ देणार नाही. त्यानंच मला उभं केलं.

आता मी माझे पाठ स्वतः करते. शेळी ओरडली तर ओरडू देते. उत्तरं पायलच्या तोंडची, तिच्या बोलीत, तशीच्या तशी ठेवते. धारणीकडच्या एक मॅडम ते मागवून घेतात. तिथली पोरं कोरकू बोलतात, म्हणून त्या माझा आवाज बंद करून स्वतः शिकवतात. त्यांनी मला भीत भीत विचारलं, चालेल का. मी म्हटलं, बंद करा, तुमचाच आवाज पाहिजे.

साहेबांचा निरोप परवा पुन्हा आला. हात पाहिजेत म्हणे, आवाजाचं नंतर बघू.

नंतर नाही. नकाशा धरून उभं राहायचं माझं वय संपलं. ज्याला माझे हात पाहिजेत, त्यानं आधी माझं बोलणं ऐकायचं, माझ्या नावासकट. नसेल ऐकायचं, तर पडदा पांढरा राहील. मी काड्या उचलून वर्गात चालले.