सतरा नंबरची पाठ

मास्तरांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे. पाठ मात्र ते कधीच विसरत नसत. फुलंब्रीच्या बाजारात त्यांचे शिवणकामाचे दुकान होते. समोरून आलेल्या गिऱ्हाइकाकडे ते चष्म्यावरून कोऱ्या नजरेने पाहत आणि विचारत, "कोन?" तोच माणूस मापासाठी पाठमोरा उभा राहिला की त्यांचा आवाज ओळखीने भरून येई. "हां, तू व्हय! मागल्या दिवाळीला उजवा खांदा एवढा पडला नव्हता. काय रं, बायकोनं बोलणं टाकलं का काय?" गिऱ्हाईक ओशाळून हसे. खांदा खरोखरच पडलेला असे.

त्यांच्या ओठांत सदैव दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत. त्यामुळे त्यांची वाक्येही टाचण्यांच्या फटीतून निसटतील एवढीच आखूड असत, आणि बहुधा टोचणारी. दुकानात कोऱ्या कापडाच्या खळीचा, तापल्या इस्त्रीखालच्या वाफेचा आणि मशीनच्या तेलाचा असा एक मिश्र वास दाटलेला असे. तो वास आजही कुठे आला, की मी नकळत ताठ उभी राहते.

मी नववीत असताना आई मला त्यांच्याकडे घेऊन गेली, ती तक्रार घेऊन. शाळेचा स्कर्ट दर दोन महिन्यांनी फाटत होता. मास्तरांनी स्कर्ट उलटा केला, साखळीच्या ग्रीसने काळी पडलेली कड बोटांनी चाचपली, मग मागचे दोन फाटके स्कर्टही मागवून घेतले आणि तिन्ही एकावर एक ठेवले.

"सायकलनं येती?"

"वस्तीवरून. सात किलोमीटर," आई म्हणाली.

"तिन्ही एकाच जागी फाटलेत. एक सूत इकडं नाय, तिकडं नाय." त्यांनी टाचण्या काढून बरणीत टाकल्या, मोठे वाक्य बोलायचे असले की ते तसे करत. "बाई, पोरीचा पाय मशीनवानी फिरतोय. स्कर्ट शिवून देतो. पर हिला सायकलवर बसवा."

"ती सायकलवरच येते की, मास्तर."

"ते येणं झालं. बसणं निराळं."

तरुणपणी मास्तर जत्रांमधल्या सायकल शर्यतींत धावले होते. एका शर्यतीत पडून त्यांचा गुडघा कायमचा आखडला आणि मशीनचे पायडल मारण्यापुरताच उरला. मग त्यांनी गावातल्या मुली तयार करायला घेतल्या. सकाळच्या गारठ्यात ते आमच्या शर्टावर मानेपासून कमरेपर्यंत कापडावरच्या खुणांच्या निळ्या खडूने सरळ रेघ ओढत आणि आपल्या खडखडत्या स्कूटरवरून मागे मागे येत. रेघ डावी-उजवीकडे डुलली, की आम्ही पायांऐवजी अंगाने सायकल ओढतो आहोत, हे त्यांना कळे. "सतरांदा सांगितलं, रेघ हलती! डावा खांदा उचल! खांद्यावर काय सासरा बसवलाय?" एकदा एक मुलगी चढावर रडू लागली. मास्तर तिच्या बाजूला स्कूटर आणून शांतपणे म्हणाले, "रड, रड. चढावरच रडून घे. उतारावर डोळे पुसायला हात सोडावा लागतो." त्यांनी कोणाची स्तुती केलेली मला आठवत नाही. फार झाले तर "चालंल" म्हणत, आणि त्या एका शब्दावर मी आठवडाभर जगत असे.

थंडीत आमच्या भागातून मुलींची सहा दिवसांची सायकल शर्यत निघे. रोज एक टप्पा, आणि शेवटचा टप्पा शहरात. त्या शर्यतीत मास्तरांकडे दोन कामे होती. पहिल्या दिवशी सकाळी ते प्रत्येक मुलीच्या पाठीवर तिचा नंबर स्वतः शिवत. अन्यत्र नंबर टाचण्यांनी लावतात. मास्तरांना ते मंजूर नव्हते. "टाचणीचा नंबर वाऱ्यानं फडफडतो. अन् काढाया सोपा जातो." शर्ट अंगात असतानाच ते चार कोपऱ्यांना टाके घालत. "श्वास धर," म्हणत, आणि सुई पाठीच्या कातडीला न शिवता कापडातून आरपार जाई. शेवटी धागा तोडताना कात्रीचे थंडगार पाते मणक्याला क्षणभर टेके.

दुसरे काम त्याच कात्रीचे होते. सहाही दिवस मास्तर शर्यतीच्या मागून येणाऱ्या शेवटच्या गाडीत बसत. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असे. ती ओलांडणाऱ्या मुलीला थांबवायचे, नंबर काढून घ्यायचा आणि गाडीत बसवायचे. एकदा गाडीत बसलेली मुलगी पुन्हा शर्यतीत येत नाही. मास्तरांनी या रीतीला आपली एक रीत जोडली होती. ते मुलीच्या पाठीमागे उभे राहत आणि विचारत, "कापू?" मान हलवून भागत नसे. "तोंडानं बोल." मुलगी "कापा" म्हणाली, की मगच टाके तुटत. "नाही" कोणी म्हटल्याचे मी ऐकले नव्हते. वेळ संपल्यावर विचारण्यात काय अर्थ, असे आम्हाला वाटे. मुलीला तिच्याच तोंडून हार वदवून घेण्याचा त्यांचा तो क्रूर विरंगुळा आहे, असेही आम्ही आपसांत बोलत असू.

त्या वर्षी माझ्या पाठीवर सतरा नंबर होता आणि माझे वय एकोणीस होते. राज्याच्या संघाच्या निवडीला शर्यत पूर्ण करणाऱ्या मुलींनाच बोलावणार होते, आणि वयोमर्यादेमुळे ती माझी शेवटची संधी होती. पहिले येण्याची गरज नव्हती. सहाव्या दिवशी शहरातली पांढरी रेघ वेळेत ओलांडायची, एवढेच.

चौथ्या दिवशी मी खडीवर घसरले. उजवा गुडघा सोलून निघाला आणि हँडलवरचे घड्याळ फुटले. सहाव्या दिवशी सकाळी देवगाव रंगारीला मी रांगेत उभी राहिले तेव्हा गुडघ्यावरची पट्टी रात्रीच्या ओलीने जखमेला चिकटून वाळली होती; पाय वाकवला की ती आतून चावत होती. शेवटचा दिवस म्हणून त्या सकाळी पाहुणे आले होते. भाषणे झाली, हार झाले. पाहुण्यांनी झेंडा दाखवला, शिट्टी वाजली. पण तो नुसता समारंभ होता. गावातून आम्ही संथपणे मिरवत बाहेर पडलो आणि वेशीपलीकडच्या किलोमीटरच्या दगडापाशी खरा झेंडा पडला. घड्याळे तिथून सुरू व्हायची होती. आधीच्या पाच दिवसांत असे मिरवणे नव्हते. शेवटच्या गाडीतल्या मास्तरांना पुढचे काही दिसत नव्हते. आयुष्यभर शिट्टी झाली की घड्याळ दाबणाऱ्या त्या माणसाने गावातल्या शिट्टीलाच घड्याळ दाबले. आठ मिनिटे आधी.

वेरूळपर्यंत मी घोळक्याच्या शेपटाला धरून होते. खुलताबादच्या चढावर घोळका सुटला. तोंडात लोखंडाची चव आली. चिंचांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या, आणि प्रत्येक सावली ओलांडताना पाठीवर क्षणभर पाणी ओतल्यासारखे वाटे. मागे सलीमभाईंची गाडी घरघरत होती. सलीमभाई त्या शेवटच्या गाडीचे चालक. घाट उतरले तेव्हा दौलताबादचा किल्ला समोर उभा राहिला आणि त्याच्या पायथ्याशी रस्त्यावरचा जुना दगडी दरवाजा. तो दरवाजा वेळेत ओलांडणे, ही त्या दिवसाची अट होती; वेळ संपेपर्यंत तिथे झेंडा धरून माणसे उभी असत. पुढचा रस्ता शहरापर्यंत सोपा होता. हवेत रस्त्याकडेच्या पेरूंचा गोड वास होता.

गाडी बाजूला आली. खिडकीतून मास्तरांचा आवाज आला. "सतरा, वेळ संपली. उतर."

मी उतरले. लगेच उतरले.

"मास्टर, गेट सामने दिख रा," सलीमभाई म्हणाले. "जाने दो ना बच्ची को."

"गेट काय बच्ची बघून उघडं ऱ्हातंय, सलीम?" मास्तर खाली उतरून माझ्या मागे उभे राहिले. "कापू?"

त्या दोन अक्षरांत मला सावली ऐकू आली, गाडीची मऊ गादी ऐकू आली. "कापा," मी म्हणाले. चार कोपरे, चार वेळा कात्रीचा आवाज. पाठ एकदम गार पडली.

मागच्या गादीवर मी डोळे मिटून घेतले. दरवाज्यापाशी गाडी थांबली. सलीमभाई पुटपुटले, "ये लोग तो अभी तक झंडा लेके खड़े हैं." मास्तर खाली उतरले. वेळ नोंदवणाऱ्या माणसाच्या घड्याळाशेजारी त्यांनी आपले घड्याळ धरले, बराच वेळ धरले, आणि परत येऊन बसले.

मैदानावर बक्षिसांची मांडामांड चालली होती. मास्तर सरळ पंचांच्या टेबलाकडे गेले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझं घड्याळ आठ मिनिटं पुढं व्हतं. सतरा नंबर वेळंत व्हती."

"मास्तर, आता कशाला उकरता?" एक पंच हसत म्हणाला. "ती काय पहिली येणार होती?"

"पहिलीला इचाराया समदं मैदान हाय. शेवटच्या पोरीला माझ्याबिगर कोन हाय?"

"पण रेघ तर तिने ओलांडली नाही ना? गाडीतून आली. चहा घ्या तुम्ही."

मास्तरांनी चहा घेतला नाही. मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली आई पाणी लावून माझ्या गुडघ्याची पट्टी सोडवत होती, तिथे ते आले आणि आठ मिनिटांची ती गोष्ट त्यांनी आम्हाला जशीच्या तशी सांगितली. आईचे हात थांबले. "मास्तर, लेकराचं वाटोळं केलं तुम्ही."

"व्हय," ते म्हणाले.

मग माझ्याकडे वळले. त्या दिवशी त्यांच्या ओठांत टाचण्या नव्हत्या. मला वाटले, ते माफी मागतील. मी त्यासाठी रडणेसुद्धा आवरून धरले होते.

"घड्याळ माझं चुकलं. पर 'कापा' तू म्हनलीस."

"वेळ संपली असं तुम्हीच सांगितलं ना!"

"सांगितलं. मंग? नाय म्हनली असतीस तर मी काय रस्त्यात आडवा पडणार व्हतो? इतकी वर्सं पुसतोय, कापू का. कशापायी पुसतोय? एखादी तरी 'नाय' म्हनंल म्हनून. तुला दरवाजा दिसत व्हता. मला तुझी पाठ दिसत व्हती. 'कापा' म्हनायच्या आदीच ती सैल पडली."

आई त्यांना जे बोलली ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यांनी ते सगळे उभ्याने ऐकून घेतले. मी मात्र गप्प राहिले, कारण गादीवर डोळे मिटताना जे सुख वाटले होते ते आणखी कोणाला ठाऊक असेल, असे मला वाटले नव्हते.

पुढच्या वर्षी शर्यतीला मास्तरांना बोलावले नाही. स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगणारा माणूस पंचांना अडचणीचा वाटला असावा. नंबर टाचण्यांनी लागू लागले. मी सायकल मामेबहिणीला देऊन टाकली आणि शिकायला शहरात आले. मास्तरांच्या दुकानाची गल्ली मी कितीतरी वर्षे टाळली. आई अधूनमधून सांगे, "शर्यतीच्या दिवशी तुझा मास्तर दुकान बंद ठेवतो. रस्त्याच्या कडंला उभा ऱ्हातो. पोरी येतात तेव्हा खाली बघतो, अन् गेल्या की मागून बघत बसतो." मी ऐकून न ऐकल्यासारखे करी. पण पुढे आयुष्यात वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांनी, फार सौम्य शब्दांत, मला तोच प्रश्न विचारला: आता पुरे ना? प्रबंधाच्या चौथ्या वर्षी विचारला, आजारपणात विचारला. दर वेळी उत्तराआधी मी पाठ ताठ आहे ना, ते पाहिले. याला ऋण म्हणावे की व्रण, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या हिवाळ्यात कळले, की मास्तरांना अर्धांगाचा झटका आला आहे. मी पेरू घेऊन गेले. ते खाटेवर उशांना टेकून बसले होते. ओठ एका बाजूला ओघळलेले, टाचण्या धरणारे ते ओठ. सुनेने माझे नाव सांगितले. मी गाव सांगितले, स्कर्ट सांगितले, खडूची निळी रेघ सांगितली. ते माझ्या चेहऱ्याकडे त्याच जुन्या कोऱ्या नजरेने पाहत राहिले.

"कोन?" त्यांनी विचारले. आणि थोड्या वेळाने, गिऱ्हाइकाला विचारावे तसे, "काय उसवायचं हाय का?"

मी नाही म्हटले. सुनेच्या हाती पेरू दिले, नमस्कार केला आणि दाराकडे वळले. उंबऱ्यावर उभी राहून एका पायात चप्पल सरकवली, तोच मागून आवाज आला. जड, ओघळलेला, पण ओळखीने काठोकाठ भरलेला.

"सतरा."

मी थांबले.

"डावा खांदा अजून पडतोय." मग खाट करकरली. "उतरलीस कशाला गं?"

वळून काहीतरी म्हणावे, असे फार वाटले. पण वळले असते तर पुन्हा "कोन?" ऐकावे लागले असते. म्हणून एका पायात चप्पल घालून मी तशीच पाठमोरी उभी राहिले. त्यांना पाहायचे होते तेवढा वेळ, डावा खांदा उचलून.