पावडरवरची लाल रेघ
गिअरबॉक्सच्या लाल तेलाचा तो किंचित करपट वास आला, की मला अमरावतीच्या गॅरेजमधली एक दुपार आठवते. प्राध्यापकी संपल्यावर, साठीत, मी माझ्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीवर तेथे दुरुस्ती शिकत होतो. गळती स्वतः शोधल्याशिवाय गिअरबॉक्सच्या आतल्या भागांना हात लावू देणार नाही, असे मिस्त्रींनी बजावले होते. पुस्तके वाचून मी तळाच्या चेंबरचे पॅकिंग दोनदा बदलले, तरी फरशीवर लाल थेंब पडतच होते. त्या दिवशी अंजनगावची माझी धाकटी बहीण सोबत आली होती; शिक्षण दहावीपर्यंत, पण शेतातले फवारणीचे पंप ती स्वतः दुरुस्त करते. मिस्त्री चहाला गेले, तशी ती वाकून म्हणाली, "दादा, खालीच काहून पाहून राहिला? तेल वरून ओघळते. पंपाले आमी असंच शोधतो." तिने सारा भाग पुसून कोरडा केला, पर्समधली पावडर भुरभुरली आणि मला इंजिन सुरू करायला सांगितले. थोड्याच वेळात तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळीच्या सांध्यापासून पावडरवर लाल रेघ उतरली. ती गळती मला सापडायला हवी होती, या विचाराने माझा जळफळाट झाला. मिस्त्री परतले आणि रेघ पाहून म्हणाले, "वा सर! आता लावा हात." बहिणीने माझ्याकडे पाहिले, मी मात्र पाना उचलला. "माहा दादा हुशारच हाय," ती हसली. सांधा मी आवळला, गळती थांबली. शाबासकी मलाच मिळाली, तरी आजही हेवा वाटतो तो तिचा. मला जी शाबासकी सोडवत नव्हती, ती तिने किती सहज देऊन टाकली.