बेरात कुणाच्या गाडीत?

वेयसेलदादा वर्षातले अकरा महिने अगदी गरीब गाय असतो. हागेनच्या कारखान्यात वेल्डिंग करतो, संध्याकाळी बाल्कनीतल्या टोमॅटोंना पाणी घालतो, खालच्या मजल्यावरच्या जर्मन म्हातारीचा कचरा न सांगता नेऊन टाकतो. मात्र शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि गाडीच्या टपावर पहिली दोरी आवळली, की त्याच्या अंगात येतं. ते उतरतं थेट तुर्कस्तानात, योझगातच्या पुढे आमच्या गावात गाडी शिरली की मगच.

याला कारण गावातलं चहाचं दुकान. युरोपातून सुट्टीला आलेल्या माणसाला तिथे कुणी ‘कसा आहेस’ म्हणून विचारत नाही. ‘किती तासांत आलास?’ असं विचारतात. जर्मनीपासून गावापर्यंतचा रस्ता जो कमी तासांत कापतो, त्याला सुट्टीभर मान. वाटेत हॉटेलात मुक्काम केला म्हणणाऱ्याकडे लोक आजारी माणसाकडे बघावं तसे बघतात. दादाला कारखान्यात कुणी कधी फोरमन केलं नाही, मशिदीच्या कमिटीवर घेतलं नाही. पण या एका बाबतीत आमच्या गावात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

म्हणून त्याचे नियम कडक. थांबायचं ते फक्त पेट्रोलसाठी. खाणं गाडीत. लहान पोरांची लघवी बाटलीत. हॉर्न एकदा वाजला की चप्पल पायात असो वा हातात, गाडीत उडी मारायची.

हनिफेवहिनी, त्याची बायको, सकाळी एका शाळेत साफसफाईला जाते. तिचा आवाज इतका बारीक, की बेकरीत पाव मागितला तर दुकानदार दोनदा विचारतो. ती दरवर्षी एकदाच म्हणायची, “अहो, या खेपेला एक रात्र कुठेतरी टेकू या. पोरं लहान आहेत.” आणि दादा दरवर्षी म्हणायचा, “पुढच्या वर्षी.”

त्या वर्षी पोरं तीन होती. नऊ वर्षांची नेहिर, चार वर्षांचा बेरात आणि अंगावर पिणारा एकिन. गाडीत त्यांच्याआधी सामान बसलं होतं. कॉफी, चॉकलेटं, धुण्याची पावडर, आत्याच्या गुडघ्यांचे पट्टे, आणि दादाच्या आईला हवी होती म्हणून कमोडवर ठेवायची मऊ बैठक. उरलेल्या फटींत, बरणीत ऑलिव्ह दाबावेत तशी पोरं दाबली होती.

मागून आमची दुसरी गाडी. ती वहिनीच्या धाकट्या भावाची, जेलालची. त्यात त्याची बायको सोंगुल, त्यांचे दोन मुलगे आणि त्याच्या जोडीला गाडी चालवायला मी. मी दादाचा चुलतभाऊ. गावाकडे तालुक्याच्या शाळेत शिकलो, लग्न करून हागेनला आलो, बायको यंदा आधीच विमानाने पुढे गेली. शहाणी बाई.

आमच्या ताफ्यात एक रीत असते. गाड्या ज्याच्या त्याच्या, पोरं सगळ्यांची. ज्या गाडीत खाऊ उघडला त्या गाडीत पोरं. ज्या गाडीत टॅबलेटला चार्जिंग आहे त्या गाडीत पोरं. प्रत्येक थांब्यावर ती पत्त्यांसारखी पिसली जातात आणि कुणाच्या वाट्याला कोण आलं हे पुढच्या थांब्यावर कळतं. आमचे बाप असेच प्रवास करायचे, त्यात कुणी हरवलं नाही. निदान आम्हाला तसं सांगितलं गेलं.

सर्बियात, पिरोतच्या अलीकडे, पेट्रोलसाठी थांबलो. ऊन असं की डांबराला पाय चिकटत होते. सोंगुल एका पोराचं तोंड धूत होती, वहिनी गाडीच्या सावलीत एकिनला पाजत होती. बेरात या गाडीकडून त्या गाडीकडे पळत होता. वहिनीने त्याला आमच्या गाडीकडे पळताना पाहिलं. सोंगुलने त्याला आईकडे पळताना पाहिलं. दोघींनी पाहिलं ते खरंच होतं.

हॉर्न वाजला. आम्ही उड्या मारल्या.

बल्गेरियाच्या हद्दीवर रांग लागली होती. जर्मनी, हॉलंड, बेल्जियम, ऑस्ट्रिया, सगळीकडच्या नंबरप्लेटा आणि प्रत्येकीत आमचीच माणसं. लोक खाली उतरून टरबूज कापत होते, चहा ओतत होते. दादा तेवढा स्टिअरिंगला धरून बसला होता, जणू रांग त्याच्या नजरेने पुढे सरकणार होती. जेलाल त्याच्या खिडकीशी जाऊन म्हणाला, “दाजी, उतरा की. गाडी पळवून नेत नाही कुणी. नेली तरी या सामानासकट चढ चढणार नाही.”

“तू तुझी बघ,” दादा म्हणाला.

तेवढ्यात वहिनी आमच्या गाडीकडे आली. एका हातात एकिन, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला चीजचा बोरेक.

“सोंगुल, बेरातला दे गं जरा बाहेर. सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या.”

सोंगुल मागे वळून बघत म्हणाली, “बेरात? तो तुमच्याकडे ना?”

वहिनी हसली. “थट्टा पुरे. दे त्याला.”

“अगं ताई, शप्पथ. पंपावर तुझ्याकडेच पळाला की तो.”

वहिनीने वाकून आत पाहिलं. जेलालची दोन्ही पोरं टॅबलेटात डोकं घालून बसली होती. मग तिने त्यांच्या पायांखाली पाहिलं, पिशव्या बाजूला केल्या. मग ती सरळ उभी राहिली. बोरेक तिच्या हातातून कधी पडला, तिला कळलं नाही.

“नेहिर!” ती ओरडली. तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “बेरात कुणाच्या गाडीत?”

“मामाच्या,” पुढच्या गाडीतून उत्तर आलं.

दादा उतरला. त्याने डिकी उघडली आणि सामान रस्त्यावर फेकायला लागला. पावडरचे डबे, कॉफी, आत्याचे पट्टे, ती मऊ बैठक. जणू पोरगं खाली कुठेतरी चेंगरून बसलं असेल. डिकी रिकामी झाली तेव्हा तो त्या रिकाम्या जागेत हात फिरवत राहिला.

गाडी वळवावी म्हटलं तर पुढे गाड्या, मागे गाड्या, बाजूला काँक्रीटची भिंत. जेलालने फोनवर त्या पंपाचा नंबर शोधून काढला, पण पलीकडचा माणूस सर्बियनशिवाय बोलेना. मागच्या गाडीतली एक बाई धावत आली. ती मूळची सर्बियातल्याच नोवी पाझारची होती, दिली होती व्हिएन्नातल्या आमच्या माणसाला. तिने फोन घेतला. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो.

“मूल रडत होतं म्हणतो. पंपामागे कुत्रीची पिल्लं आहेत, तिथे होतं.”

“होतं म्हणजे?” वहिनी म्हणाली. “आता कुठे आहे?”

बाईने पुन्हा विचारलं, ऐकलं आणि हळूच म्हणाली, “तुर्कांच्या एका गाडीने नेलं. हा समजला, तेच आईबाप.”

“कसली गाडी?”

“पांढरी.”

आम्ही मान वर केली. नजर जाईल तिथवर पांढऱ्याच गाड्या होत्या.

पोर पंपावर असतं तर एक वेळ परत जाऊन आणता आलं असतं. आता ते कुठे शोधायचं? मागे? पुढे? आम्ही रांगेत उभे राहून तास उलटून गेला होता. शेजारच्या रांगा भराभर सरकत होत्या. ती गाडी कदाचित आमच्या पुढे निघून गेली असेल. चार पोरांच्या गाडीत पाचवं पोर झोपलेलं, शिपायाने मोजायचा कंटाळा केला, की झालं. बेरातचा पासपोर्ट इथे वहिनीच्या पर्समध्ये आणि बेरात दुसऱ्या देशात.

सोंगुलने त्याचा फोटो प्रवाशांच्या ग्रुपवर टाकला. निमिषात उत्तरं यायला लागली. एकाने त्याला मागे बुडापेस्टात पाहिलं होतं, एकाने पुढे तुर्कस्तानच्या हद्दीपलीकडे एदिर्नेत. एकाने लिहिलं, अशा आईबापांना पोरं द्यावीतच कशाला. ते सोंगुलने वहिनीला दाखवलं नाही. पण वहिनीच्या हातात तिचा स्वतःचा फोन होता आणि त्यातही तोच ग्रुप उघडा होता.

“मी पंपावर जातो,” दादा म्हणाला.

“दाजी, तिथे नाहीये तो. ऐकलंत ना?”

“त्याला काय माहीत कुणी नेलं! खोटं बोलत असेल. तिथे मागे नाला आहे. मी पाहिलाय नाला.” आणि कुणी धरायच्या आत तो भिंतीवरून पलीकडे उडी मारून, उलट्या बाजूच्या ट्रकांपुढे हात पसरत पळत सुटला. फोन त्याच्या गाडीतच राहिला.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने एकिनला सोंगुलच्या हातात कोंबलं आणि नाक्याच्या दिशेने पळायला लागली. मी तिच्यामागे. ती प्रत्येक पांढऱ्या गाडीच्या काचेवर थापा मारत होती. “पोर बघू. तुमची पोरं बघू.” कुणी काच खाली करायचं, कुणी दार आतून लावून घ्यायचं. एक माणूस अंगावर आला, “ए बाई, माझी बायको गरोदर आहे, घाबरवू नकोस.” मी त्याची माफी मागेपर्यंत ती चार गाड्या पुढे गेलेली.

नाक्याच्या अगदी तोंडाशी सगळ्या रांगा मिळून दोन होतात. वहिनी तिथे गेली आणि दोन्ही रांगांच्या मधोमध आडवी झोपली. त्या तापलेल्या डांबरावर, हातपाय पसरून.

आमची माणसं रांगेत कशी असतात ते सांगायला नको. हॉर्नचा असा गदारोळ उठला, की शिपाई खोलीबाहेर आला.

“वेडी आहे का ही?”

“आम्ही काय इथे मुक्कामाला आलोय?”

“भाऊ, तुझी बायको आहे का? उचल की तिला!”

“वहिनी आहे माझी!” मी ओरडलो. “पोर हरवलंय तिचं! चार वर्षांचं! कुणीतरी पंपावरून आणलंय, पांढऱ्या गाडीत!”

पहिल्या दोन-तीन गाड्यांनी ऐकलं. त्यांनी हॉर्न थांबवले आणि खिडकीतून डोकं काढून मागच्यांना सांगितलं. त्यांनी त्यांच्या मागच्यांना. आवाज पुढून मागे विझत गेला. शेवटी दूरवर एकच ट्रक वाजत राहिला आणि तोही गप्प झाला. मग दारं उघडण्याचे आवाज आले. लोक आपणहून उतरत होते, झोपलेली पोरं खांद्यावर घेऊन, त्यांची तोंडं आमच्याकडे वळवून दाखवत होते. हे नाही. हेही नाही. वहिनी गुडघ्यांवर बसून एकेकाकडे बघत होती आणि प्रत्येक वेळी मान हलवत होती. शिपायाने तिचा दंड धरला. तिने तो झटकला नाही, नुसती जड झाली. त्याला ती उचलवेना.

“अहो, थांबा! थांबा!”

बाजूच्या रांगेतून एक म्हातारा येत होता. डोक्यावर टोपी, पायात घरातल्या सपाता. त्याच्या खांद्यावर बेरात होता. तोंड चॉकलेटने माखलेलं.

“लेकी, आम्ही तास झाला एकेक गाडी विचारतोय,” तो धापा टाकत म्हणाला. “याला बापाचं नाव विचारलं तर बाबा म्हणतो. गाव विचारलं तर आजीचं गाव. गाडी कुठली, तर पांढरी. म्हटलं, आपला माणूस हद्दीवर थांबणारच. तिथे सापडेल. पंपावर थांबलो असतो तर...”

वहिनीने त्याला बोलू दिलं नाही. तिने आधी त्याचे हात धरून कपाळाला लावले, मगच पोर घेतलं. बेरातने तिच्याकडे पाहून म्हटलं, “आई, तिकडे पिल्लं होती. एक आणायचं का?”

मग ती रडली. कसं ते मी लिहीत नाही.

पण दादा? दादाला कुणी सांगायचं? पंपावर फोन लावला तर उचलेनात. आम्ही दोन्ही गाड्या ढकलत कडेला घेतल्या. जेलालने रस्त्यावरचं सामान गोळा केलं. आमच्या मागच्या गाड्या नाका ओलांडून निघून गेल्या. ऊन कललं. वहिनी बेरातला मांडीवर घेऊन बसली होती, तो झोपला होता.

बऱ्याच वेळाने मागे रांगेच्या शेपटाशी एक ट्रक थांबला. दादा उतरला. गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात बूट नाही. गाड्यांमधून वाट काढत तो आमच्याकडे यायला लागला आणि मधेच थांबला. त्याला आमच्या गाड्या दिसत होत्या, वहिनीची पाठ दिसत होती. मांडीवरचं पोर दिसत नव्हतं. त्याला पुढे येववेना. तो तिथेच, डांबरावर खाली बसला.

“दादा, सापडला!” मी ओरडलो. “अरे, सापडला!”

त्याने मान हलवली. मी त्याची समजूत काढतोय असं त्याला वाटलं असावं. “नाल्यात नाहीये,” तो म्हणाला. “मी सगळा चाचपला. पुलाखालीसुद्धा.”

तेव्हा वहिनी उठली. झोपलेलं पोर घेऊन त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. दादाने पोराला हात लावला नाही. चिखलाचे हात हवेत धरून नुसता बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते.

“हनिफे,” तो शेवटी म्हणाला, “मी हॉर्न वाजवला.”

“हो.”

“मी मागे वळून बघितलं नाही.”

“मीही नाही बघितलं,” वहिनी म्हणाली. “उठा. मागे बसा, पोरांमध्ये. गाडी जेलाल चालवेल. दिसेल त्या पहिल्या हॉटेलात उतरायचं.”

तो उठला. कमोडची बैठक आणि कॉफीचे डबे यांच्या मधल्या फटीत त्याने स्वतःला कोंबून घेतलं, डोकं छताला टेकत होतं. बेरात जागा झाला आणि कुरकुरला, “बाबा, किती घट्ट धरतोस. तुला वास येतोय. सोड ना.”

दादाने सोडलं नाही.