जुन्या टीव्हीची तार

आमच्या गावात केबल आणली ती गहिनीनाथनं. बेलापूरला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तो काम शिकला, घराच्या गच्चीवर छत्री उभी केली आणि बघता बघता पेठेत घरोघर तार नेली. माणूस हौशी, पण कामाला चोख. कुणाच्या टीव्हीत मुंग्या आल्या की जेवणावरून उठून खांबावर चढायचा.

गावात रंगीत टीव्ही आले तशी त्याची पंचाईत झाली. नव्या टीव्हीवर चाळीसेक चॅनलं लागायची. बटणाचा कान पिळून चॅनल लावायच्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइटवर जेमतेम दहा. दोघांना एकाच तारेवर घातलं की जुन्यांचं चित्र फाटायचं. म्हणून त्यानं दोन तारा केल्या. नवी पेठेत आणि जुनी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर, कारण पेठेनं काढून टाकलेले टीव्ही तिकडेच गेले होते. कुणाची तक्रार नव्हती. सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं ना!

त्याची धाकटी बहीण चांगुणा वस्तीवरच दिलेली. स्वतः रंगीत घेतल्यावर घरातला जुना टीव्ही त्यानं तिला भाऊबीजेची ओवाळणी म्हणून नेऊन दिला. ती हरखून गेली. वस्तीवरच्या बायका तिच्या ओसरीवर जमायच्या, आणि गहिनीनाथला त्याचा केवढा अभिमान!

त्याच सुमारास ग्रामपंचायतीनं कोतवालाची दवंडी बंद केली. केबलवर फुकटात अक्षरांची पट्टी फिरत असताना घसा कोण फोडणार? मयत, लग्न, पाण्याची वेळ, सगळं गावच्या चॅनलवर यायचं. आणि ते चॅनल होतं नव्या तारेवर. जुन्या टीव्हीचा कान तिथपर्यंत फिरतच नव्हता. वस्तीवरची माणसं मयतीला उशिरा पोचायची, तर पेठ हसायची. त्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मला अजून त्याचाच संताप येतो.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात सगळ्या गावाला पाणी देणाऱ्या टाकीच्या विहिरीत फवारणीचं औषध पडलं. पंचायतीचा निरोप येताच गहिनीनाथनं पुढ्यातलं ताट सरकवून पट्टी लावली : टाकीचं पाणी पिऊ नये. पेठेत घरोघर हंडे ओतले गेले. ओढ्यापलीकडे जुन्या तारेवर तेव्हा त्यानंच लावलेला सिनेमा चालू होता. तो थांबवून तिथंही पट्टी घालायला कितीसा वेळ लागला असता? पण पट्टी लावली म्हणजे गावाला कळलं, असंच तो धरून चालला.

वस्तीवरची बरीच माणसं दवाखान्यात गेली. चांगुणा तेवढी परत आली नाही.

दहावा झाल्यावर तिचा नवरा कानिफनाथ तो टीव्ही खांद्यावर घेऊन आला आणि उंबऱ्याशी ठेवला.

"दाजी, असं नका करू," गहिनीनाथ म्हणाला.

"तुमाला बोल लावीत न्हाई, दादा. पर ती ह्याच्याम्होरंच बसली हुती, पान्याचा तांब्या घिऊन. ह्याच्यावर काईच आलं न्हाई."

तो गेला तसा गहिनीनाथ पक्कड घेऊन गच्चीवर चढला. नवी तार कापली, पेठेला जुन्या तारेवर जोडलं आणि गावचं चॅनल पहिल्या नंबरावर आणलं.

संध्याकाळी पेठेतले कापडवाले काकासाहेब तणतणत आले. "अरे, ऐन म्याचमंदी बंद केलंस? डोकं फिरलं का तुजं?"

"माज्या चांगुणाला जेवडं दिसत हुतं," तो म्हणाला, "तेवडंच आता तुमाला दिसंल."

पेठेनं दिवाळीआधीच दुसऱ्याची छत्री बसवून घेतली. गहिनीनाथकडे वस्ती उरली. भाऊबीजेला मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो, तर बहिणीचा टीव्ही लावून तो एकटाच समोर बसला होता. पहिल्या नंबरावर अजून तीच पट्टी फिरत होती : टाकीचं पाणी पिऊ नये. विहीर उपसून, धुऊन कैक महिने झाले होते, आणि मी तसं बोललोही.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तिच्या टीव्हीवर लागली न्हवती."