कारणासकट नकार

सावेडीतल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी नेवाशाचे एक गृहस्थ बसतात. दूध संकलन केंद्रांचे वजनकाटे आमच्या कॉम्प्युटरशी जोडणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा, त्यांनीच लिहिलेलं. जोडणी झाली की फंक्शन 'ट्रू', म्हणजे हो, सांगायचं. नाही झाली की कधी 'फॉल्स', म्हणजे नाही, तर कधी 'रेंज गेली, जरा थांबा' असं अख्खं वाक्य. आणि कॉम्प्युटर कुठलंही वाक्य होकारच समजतो. त्यामुळे एका सकाळी पारनेरच्या केंद्राची जोडणी तुटलेली असताना माझ्या स्क्रीनवर 'जोडले' दिसत होतं. मी निवांत, आणि तिकडे वजनाची नोंद होत नसल्यानं दुधाचे कॅन उन्हात खोळंबलेले.

"अहो, हो का नाही, एवढंच सांगायचं ना फंक्शननं," मी म्हणालो.

"नुसतं न्हाई कसं म्हनायचं? मानसाला वाईट वाटतं."

पण लगेच त्यांनी पारनेरच्या केंद्रावर फोन लावला. "ताई, चूक माझी हाय. आज दूध मापानं मोजून घ्या," म्हणाले, आणि शेवटचा कॅन आत जाईपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. मगच फंक्शन दुरुस्त केलं.

आता फंक्शन फक्त ट्रू किंवा फॉल्स सांगतं. कारण हवं असेल तर गृहस्थांनाच विचारावं लागतं. ते आधी आपल्यासाठी खुर्ची ओढतात.